लाडकी बहीण नेमकी कोणाच्या पैशावर? करदात्याचा सरळ प्रश्न

नगदीकर (धागाकर्ता):
जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना चालू आहे. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६,००० कोटी ठेवले. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी, आणि राज्याच्या डोक्यावर नऊ लाख कोटींच्या वर कर्ज. म्हणजे उसनवारी करून ओवाळणी! वर निवडणुकीत २,१०० चं आश्वासन दिलं होतं, ते वेगळंच.

माझं म्हणणं साधं आहे. कर घ्यावा तो रस्ता, पाणी, पोलीस, शाळा, दवाखाना यांसाठी. एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खात्यात टाकणं हे सरकारचं काम नाही. मी पुण्यात राहतो, आयकर भरतो. पाणी टँकरचं, मुलगी खासगी शाळेत, दुखणंखुपणं मेडिक्लेमवर. मला काय मिळतं ते कोणीतरी सांगा. आणि कृपया गहिवरू नका, आकड्यांवर बोला.

हिशेबनीस:
बोलू की. तुमचा आयकर जातो दिल्लीला. केंद्र राज्यांशी वाटून घेतं त्या करांतले १०० पैकी ४१ रुपये सगळ्या राज्यांना मिळून, आणि त्या ४१ मधला महाराष्ट्राचा वाटा पंधराव्या वित्त आयोगाने २०२५-२६ पर्यंत ६.३१७ टक्के ठरवलेला. म्हणजे तुमच्या शंभरातले इकडे परत येतात अडीच रुपयांच्या आसपास. उपकर आणि अधिभार तर वाटपातच धरत नाहीत.

योजना चालते राज्याच्या तिजोरीतून. ती भरते राज्याचा जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क आणि दारू यांच्यावर. सप्टेंबर २०२५ पर्यंत अंगाच्या साबणावर १८ टक्के जीएसटी होता (आता ५). दुकानदार वडी देताना रेशनकार्डाचा रंग विचारत नाही, १८ टक्के सगळ्यांनीच दिले. ‘करदाता’ ही काही फॉर्म १६ वाल्यांची खासगी पदवी नव्हे.

कोकणमेवा:
दारूवरून आठवलं. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्याचं शुल्क दणकून वाढवलं. भावाच्या बाटलीतून बहिणीची ओवाळणी. चक्र पूर्ण.

नगदीकर:
हिशेबनीस, शंभर पाठवून अडीच परत येतात, हा मुद्दा तर माझ्याच बाजूचा झाला. एवढं तुटपुंजं हाती येत असताना ते असं वाटून टाकायचं? आणि वाटतानाही धड नाही. हजारो पुरुषांनी बहिणी बनून पैसे उचलले, हे २०२५ मध्ये सरकारी पडताळणीतच बाहेर आलं ना? निवडणूक तोंडावर होती म्हणून अर्ज डोळे मिटून मंजूर झाले आणि मतमोजणी उरकल्यावर चाळणी लागली.

बांधावरून:
नगदीकर, पगारपत्रक काढून बघा. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील. व्यवसाय कर. वर्षाचे अडीच हजार, आणि घटनेनेच घातलेली मर्यादा असल्याने त्याहून जास्त घेता येत नाहीत. हा कर १९७५ च्या कायद्याने का आला, हे आज शंभरातल्या पाचांनाही माहीत नसेल. रोजगार हमीसाठी. बहात्तरच्या दुष्काळात कामं काढली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी कल्पना मांडून ती लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राला तसा कायदा करायला २००५ उजाडलं. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, हे या राज्याने कधीच ठरवलंय. तेव्हाही कुरकुर झालीच असेल.

आमच्या आजीने बहात्तरला खडी फोडली. कामावर सुकडी (कोरडा पूरक आहार) मिळायची आणि रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची, असं ती सांगे. त्या वेळचा पाझर तलाव अजून आहे. गाळाने निम्मा भरलाय, पण खालच्या विहिरींना फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं.

नगदीकर:
याला माझा विरोध कधीच नव्हता. काम दिलं, दाम दिला आणि पन्नास वर्षांनी तलाव दाखवता येतो. १,५०० च्या मागे काय दाखवणार? पावती?

दुपारपाळी:
मी दाखवते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई आणखी दोन घरं करतात. पहिले दोन हप्ते एकदम आले, त्यातून बचत गटाचं थकलेलं भरलं. आता सिलिंडर त्या पैशातून येतो, साडेआठशेच्या वर जातो तो. उरलेले भिशीत. पूर्वी सिलिंडर संपला की नवरा कधी पैसे देईल याची वाट बघत स्टोव्हवर भागवायच्या. हे तलावासारखं फोटोत येत नाही, म्हणून झालंच नाही असं म्हणायचं का?

आणि नगदीकर, तुमच्या सोसायटीत लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यांनाही सारखाच पडतो ना? आदर्श उपविधीच तसे आहेत.

नगदीकर:
पडतो. मीच तळमजल्यावर राहतो! पण मी लिफ्टला पैसे देतो, चौथ्या मजल्यावाल्याला दर महिन्याला रोख देत नाही. फरक हाच आहे, ताई.

तालुकाप्लेस:
मी नगदीकरांच्या पक्षातला नाही. श्रीमंतांकडून अजून कर घ्या या मताचा आहे. तरी या योजनेवर माझा राग आहे, आणि त्याचं कारण वेगळं.

आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे मशीन आहे, ते चालवणारा माणूस नाही. हाड मोडलं की पेशंट खासगीत जातो आणि फिल्मचे पैसे मोजतो. महिन्याला १,५०० मिळणाऱ्या बाईचे त्या महिन्याचे तिथेच गेले. रोख रकमेचा सरकारला फायदा कसा, बघा: माणूस भरती करावा लागत नाही, पेन्शन नाही, चौकशी नाही, बटण दाबलं की काम झालं. आणि वर लाभार्थी आभार मानतो. दवाखाना नीट चालला तर कोणी कोणाचे आभार मानत नाही.

२०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी इकडे वळवला, तेव्हा संजय शिरसाट यांनी स्वतः सामाजिक न्याय मंत्री असून जाहीर नाराजी दाखवली होती. वसतिगृहातल्या पोराच्या ताटातलं उचलून त्याच्याच आईच्या खात्यात टाकायचं आणि त्याला कल्याण म्हणायचं. बहिणीला देऊ नका असं मी म्हणत नाही. कोणाचं काढून देताय, ते विचारतोय.

हिशेबनीस:
तालुकाप्लेसशी सहमत. मात्र कोणाचं काढायचं यावर सुचवतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनेच वर्षाला १.४५ लाख कोटी सोडल्याचा अंदाज दिला. २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंत आयकर शून्य केला, त्याचे अंदाजे एक लाख कोटी. त्या दिवशी कोणी धागा काढला नाही. सवलत आपल्याला मिळाली की प्रोत्साहन, दुसऱ्याला मिळाली की रेवडी.

नगदीकर:
माझा पैसा माझ्याकडे ठेवू देणं म्हणजे मला काही देणं नव्हे. हे एकच समजून घ्यायला लोक का तयार नसतात?

हिशेबनीस:
कारण तिजोरीत पडणारा खड्डा दोन्हीकडे सारखाच असतो.

नगदीकर:
बरं, मग सगळ्याच फुकट गोष्टींवर बोलू. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल माफ आहे. त्यावर बांधावरून यांचं काय म्हणणं? की तिथे मौन?

बांधावरून:
मौन कशाला? माझी जमीन जिरायती. विहीर नाही, पंप नाही, म्हणून माफीही नाही. ज्याच्याकडे पाणी त्यालाच वीज फुकट, आणि जो पावसाकडे बघतो त्याला काहीच नाही. ऊस मनसोक्त भिजतो त्याचं बिल राज्य भरणार. ती माफी मोठ्या बागायतदारापुरती बंद करा, माझी सही घ्या. तो पैसा पाझर तलावांतला गाळ काढायला लावा. यंत्र लावा नाहीतर मजूर, पण गाळ आमच्या रानात पडू द्या. गावात हे बोललो तर पारावर बसू देणार नाहीत, म्हणून इथे लिहितोय.