मदत हवी आहे: नवं डॉटनेट की जावा? कम्युनिटी कोणाची भक्कम? (घाई आहे)

अडला_हरी
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. ऑफिसमधली जुनी सिस्टिम नव्याने लिहायची आहे. साहेबांनी दोन पर्याय ठेवलेत, मायक्रोसॉफ्टचं नवं डॉटनेट किंवा जावा आणि तिचं स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क, आणि सोमवारी मला एक नाव सांगायचंय. भाषा शिकून घेऊ, तो प्रश्न नाही. अडलं की उत्तर कुठे लवकर मिळतं आणि लायब्रऱ्या कुठे टिकतात, एवढंच हवंय. नेटवर शोधून झालं, जो तो आपलंच घोडं पुढे दामटतोय. 'परिस्थितीवर अवलंबून आहे' हे उत्तर कृपया नको.

सेमीकोलन
जुनी सिस्टिम कशात आहे?

जुनाजाणता
जावा. डोळे झाकून. उद्या जावाची मालकीण ओरॅकल रुसली तरी अडत नाही, जावाची फुकट बिल्डं इतरांकडूनही मिळतात. टेम्युरिन आहे, अ‍ॅमेझॉनचं कोरेटो आहे, गंमत म्हणजे खुद्द मायक्रोसॉफ्टचंही ओपनजेडीकेचं (जावाच्या ओपन सोर्स रूपाचं) बिल्ड आहे. डॉटनेटमध्ये सगळा कारभार एका घरचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉटनेट ६ येता येता त्यांनी 'डॉटनेट वॉच' या कमांडमधलं हॉट रीलोड (अ‍ॅप चालू असतानाच कोडमधला बदल लागू होणं) काढून टाकलं होतं. लोकांनी गिटहबवर आरडाओरडा केला तेव्हा कुठे परत आलं.

ढगातला_माणूस
@जुनाजाणता, लोक ओरडले आणि काही दिवसांत परत आलं, हीच तर कम्युनिटी! ओरॅकलने २०२३ मध्ये जावाच्या वर्गणीचा दर कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर नेला. तेव्हा ओरडून काय मिळालं?

जुनाजाणता
ओरडायचं कशाला? टेम्युरिन टाकायचं आणि मोकळं व्हायचं. तुमच्याकडे उठून जायला दुसरं दार आहे का?

अडला_हरी
@सेमीकोलन, एएसपी डॉटनेटमध्ये.

सेमीकोलन
एमव्हीसी की वेब फॉर्म्स, पानं कुठल्या पद्धतीने लिहिलीत? जुनं डॉटनेट फ्रेमवर्क कितवं? डेटाबेस? लॉजिक कोडमध्ये आहे की स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच? टीम कशात मुरलेली आहे? एकेक शब्द उपसून काढावा लागतोय राव.

अजगर
दोन्ही सोडा. पायथनचं जँगो फ्रेमवर्क घ्या. अ‍ॅडमिन पॅनेल आयतं मिळतं.

वाचनमात्र
एरवी नुसता वाचतो, आज राहवलं नाही. डॉटनेट घेतलंत तर व्हिज्युअल स्टुडिओच्या नादी लागू नका, रायडर घ्या. लिनक्सवरही चालतो.

ढगातला_माणूस
@वाचनमात्र, एडिटरचं कोणी विचारलंय?

वाचनमात्र
आपलं सहज सांगितलं.

अडला_हरी
वेब फॉर्म्स, फ्रेमवर्क ४.५. एसक्यूएल सर्व्हर, बरंचसं लॉजिक प्रोसिजरमध्ये. रिपोर्ट क्रिस्टल रिपोर्ट्स या टूलमध्ये. कोड व्हीबीत (व्हिज्युअल बेसिकमध्ये) आहे, पण तो टाकूनच द्यायचाय, मग त्याने काय फरक पडतो? माझा प्रश्न कम्युनिटीचा होता.

सेमीकोलन
पडतो. वेब फॉर्म्स नव्या डॉटनेटमध्ये आलेच नाहीत. व्हीबी ही भाषा पुढे वाढवणार नाही, हेही मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच सांगून टाकलंय. म्हणजे स्क्रीन दोन्हीकडे पुन्हाच लिहायचे. 'आपलं डॉटनेटच आहे, पटकन होईल' असं साहेबांच्या डोक्यात असेल तर ते आधी काढा.

तरी मी तुमच्या जागी डॉटनेटच घेईन. कारण एकदम सगळं बदलावं लागत नाही. यार्प हा प्रॉक्सी नव्या अ‍ॅपमध्ये बसवायचा. जे पान अजून लिहून झालं नाही त्याची रिक्वेस्ट तो जुन्या सिस्टिमकडे पाठवतो. सिस्टिम-वेब अ‍ॅडॅप्टर्स (जुनं-नवं अ‍ॅप जोडणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) लावले की लॉगिन आणि सेशन दोन्हीकडे चालतं. जावातही प्रॉक्सी मिळेल, पण सेशनचं जुगाड तुमचं तुम्हाला करावं लागेल. प्रोसिजर आहेत तिथेच राहू द्या, त्या दोन्हीकडून बोलावता येतात.

आणि हे सगळं होईपर्यंत सर्व्हरवर ४.८ टाका. ४.५ चा सपोर्ट २०१६ मध्येच संपलाय, शिवाय त्या अ‍ॅडॅप्टर्सना किमान ४.७.२ लागतं. ४.८ ज्या विंडोजवर आहे तिला सपोर्ट असेपर्यंत त्यालाही सपोर्ट आहे. तेव्हा घाई साहेबांना असेल, सिस्टिमला नाही.

जुनाजाणता
लायब्रऱ्या टिकण्याचा मुद्दा सगळे गिळून बसलेत. फ्लुएंट असर्शन्स, ऑटोमॅपर, मीडिएटर या डॉटनेटच्या लायब्रऱ्या २०२५ मध्ये एकापाठोपाठ एक व्यावसायिक परवान्यावर गेल्या. जावात लायब्रऱ्या सांभाळायला निदान अपाचे फाउंडेशन आहे, एक्लिप्स फाउंडेशन आहे.

ढगातला_माणूस
अपाचे? लॉगफोरजे ही लॉग लिहिणारी जावा लायब्ररी कोणाची होती? डिसेंबर २०२१ मध्ये तिच्यात सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा कळलं, जगभरच्या कंपन्या जिच्यावर बसल्या होत्या ती लायब्ररी मूठभर लोक सांभाळत होते, तेही फावल्या वेळात. आणि तुमच्या जावाकडच्या अक्का या लायब्ररीने २०२२ मध्ये परवाना बदललाच की.

जुनाजाणता
बदलला, आणि अपाचेत पेक्को नावाचा फोर्क (तिच्याच खुल्या कोडवरून काढलेली वेगळी लायब्ररी) उभा राहिला. ऑटोमॅपरचा असा फोर्क कुठल्या फाउंडेशनने केलाय ते सांगा, मग बोलू.

सेमीकोलन
ऑटोमॅपरवाचून कोणाचं अडत नाही हो, हाताने मॅपिंग लिहा.

@अडला_हरी, गर्दी मोजू नका. तुम्हाला खरंच लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी करा आणि एकेकीच्या गिटहबवर जा. स्टार सोडा, गेल्या काही महिन्यांत बंद झालेले इश्यू बघा, आणि ते कोणी बंद केले ते बघा. सगळीकडे एकच नाव दिसलं तर तिथे कम्युनिटी नाही, एक दमलेला माणूस आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवरही जपून. डॉटनेटचं काही शोधलं की जुन्या फ्रेमवर्कची ढीगभर उत्तरं येतात. जावात तेच, जावाएक्स पॅकेजवाली उत्तरं अजून वर येतात आणि स्प्रिंग बूट ३ पासून त्यातल्या बहुतेक पॅकेजांचं नाव जकार्ता झालंय. तारीख बघितल्याशिवाय काही चिकटवू नका.

अजगर
जँगोत ही लफडी नाहीत.

अडला_हरी
यादी केली. बाकी सगळ्याला दोन्हीकडे दोन-तीन पर्याय दिसतायत, रिपोर्टवर घोडं अडलंय. क्रिस्टल नव्या डॉटनेटवर चालत नाही म्हणे?

सेमीकोलन
नाही चालत. आरडीएलसी हा स्वतःचा रिपोर्टचा प्रकारसुद्धा मायक्रोसॉफ्टने तिकडे नेलेला नाही. गिटहबवर त्याचं बाहेरच्यांनी नव्या डॉटनेटसाठी केलेलं पोर्ट आहे, ते बघा, पण त्याचेही इश्यू आधी वाचा.

जुनाजाणता
म्हणून म्हणत होतो जावा. जास्पररिपोर्ट्स हे रिपोर्टचं जावा टूल २००१ पासून आहे, ओपन सोर्स आहे. सगळं जावात नको तर रिपोर्टपुरती छोटी सर्व्हिस स्प्रिंग बूटमध्ये लिहा, डॉटनेटने तिच्याकडून पीडीएफ मागवायची.

ढगातला_माणूस
हे मात्र पटलं, कधी नव्हे ते. फक्त दोन रनटाइम आले की पॅचही दोन्हींचे वेळेवर लावावे लागतील. त्याला एक माणूस आधीच नेमा.

अडला_हरी
चालेल. पण क्रिस्टलच्या फायली जास्परमध्ये आपोआप उतरतात का, की सगळे रिपोर्ट हाताने काढायचे?

जुनाजाणता
हाताने काढायचे असंच धरून चाला. सबरिपोर्ट आहेत का त्यात?

अडला_हरी
आहेत. बरेच. काहींत सबरिपोर्टच्या नावाखाली दुसराच अख्खा रिपोर्ट कोंबलाय.

जुनाजाणता
मग त्यातला सर्वांत वाईट एक निवडा आणि तोच आधी जास्परमध्ये करून बघा. तो जमला तर पुढे बोलू, नाही जमला तर सेमीकोलनने सांगितलेलं आरडीएलसीचं पोर्ट आहेच.