कानाच्या पडद्यावरचे पांढरे चट्टे आणि प्रोपोलिसमधील केप: प्रयोगाचा आराखडा पुरेसा आहे का?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी)

नमस्कार. कानाच्या पडद्याला छेद दिल्यावर किंवा ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवल्यावर पडद्याच्या मधल्या थरात खडूसारखे पांढरे चट्टे उमटतात. या मायरिंगोस्क्लेरोसिसवर माझा प्रबंध आहे. मध्यकर्णातील हवेत ऑक्सिजन साधारण ५ ते १० टक्के असतो. छेदातून बाहेरची हवा आत शिरली की तो २१ टक्क्यांकडे सरकतो, फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढतात, कोलॅजन तंतूंची हानी होते आणि तेथे कॅल्शियम फॉस्फेट साचते, अशी प्रचलित उपपत्ती आहे. तिच्या आधारे प्रोपोलिसमधील (मधमाश्यांनी गोळा केलेल्या राळेतील) केफिक अॅसिड फेनेथिल एस्टर, म्हणजे केप, रॅटवर तपासण्याचा विचार आहे. दोन्ही कानांत छेद देऊन एका गटाला रोज पोटात केपचे इंजेक्शन द्यायचे, दुसऱ्या गटाला काहीच द्यायचे नाही, आणि १५व्या दिवशी पडदे पाहून ० ते ३ असे गुण द्यायचे, असा आराखडा आहे. फरक दिसला, तर तो अँटीऑक्सिडंट गुणामुळेच पडला असे म्हणता येईल का?

उत्तर १ (कान-नाक-घसा विभागातील संशोधक)

नाही, एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. पण विषय चांगला आहे आणि आराखडा सुधारण्याजोगा आहे.

केप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते अल्कोहोलमध्ये किंवा डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये द्यावे लागते. हे दुसरे द्रावक स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल्स टिपते. म्हणून ‘काहीच न दिलेला’ गट तुलनेला पुरणार नाही. तेवढेच द्रावक, त्याच मार्गाने आणि त्याच वेळी मिळणारा गट हवाच. शिवाय केप एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा मार्गही रोखते, त्यामुळे चट्टे कमी झाले तरी श्रेय ऑक्सिडेशन रोखण्याला द्यायचे की दाह कमी करण्याला, हे केवळ पडदा पाहून कळणार नाही. निदान मॅलॉनडायअल्डिहाइड (ऑक्सिडेशनच्या हानीची खूण) आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज (फ्री रॅडिकल्स निष्प्रभ करणारे विकर) ही मोजमापे दाहपेशींच्या गणनेसोबत घ्या, आणि ती १५व्या दिवसापर्यंत न थांबता पहिल्या काही दिवसांत घ्या, कारण ऑक्सिडेशनचा भर तेव्हाच असतो.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे छेद बुजण्याचा दिवस. रॅटच्या पडद्यातील साधा छेद बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप भरतो, आणि तो भरला की बाहेरच्या ऑक्सिजनचा पुरवठा तुटतो. औषधाने छेद लवकर भरत असेल, तर चट्टे त्यामुळेच कमी होतील. उलट जखम भरण्यासाठी थोडी फ्री रॅडिकल्स लागतातच. ती दडपल्याने छेद जास्त दिवस उघडा राहिला, तर औषधाचा खरा फायदा झाकला जाईल. म्हणून प्रत्येक पडदा एक दिवसाआड सूक्ष्मदर्शकातून पाहून बुजण्याचा दिवस नोंदवा आणि विश्लेषणात तो धरा.

उत्तर २ (विकृतिशास्त्र)

केवळ डोळ्यांनी दिलेल्या गुणांवर विसंबू नका; कॅल्शियम आहे की नुसता जाड तंतुमय व्रण, हे काचपट्टीवरच ठरते. मात्र येथे एक सापळा आहे. पडद्याभोवतीचे हाड कापण्याजोगे मऊ करण्यासाठी नमुना आम्लात किंवा ईडीटीए या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात ठेवला, की हाडातल्या कॅल्शियमबरोबर पडद्यावरचे कॅल्शियमही निघून जाते. मग कॅल्शियमचे साठे काळे दाखवणाऱ्या व्हॉन कोसा रंजनात काळे काहीच दिसत नाही आणि औषध यशस्वी ठरल्याचा भास होतो. काही नमुन्यांत पडदा आधी अलगद सोडवून त्याच्यावर रंजन करा. उरलेल्या नमुन्यांत हाड मऊ करून हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंजनाखाली मधल्या थराची जाडी आणि हायलिन बदल (ऊती काचेसारखी एकसंध दिसणे) पाहा.

उत्तर ३ (जैवसंख्याशास्त्र)

पोटातून दिलेले औषध दोन्ही कानांत पोचते, म्हणून एक प्राणी म्हणजे एकच निरीक्षण समजा. १२ रॅटचे २४ कान मोजून संख्या फुगवू नका. ० ते ३ हे गुण क्रमवाचक असल्याने सरासरीऐवजी क्रमांकांवर आधारित चाचणी वापरा, आणि गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा. प्राण्यांची संख्या मात्र आधीच गणित करून ठरवा, कारण संख्या इतकी कमी ठेवली की निष्कर्षच निघाला नाही, तर त्या सगळ्या प्राण्यांनी सोसलेल्या वेदना वाया जातात. नीतिसमितीपुढे हेच सर्वांत आधी मांडावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. द्रावकाचा गट, छेद बुजण्याची नोंद आणि आधी सोडवलेले पडदे हे तिन्ही बदल मी करते. एक शंका उरते: हेच केप थेंबांच्या रूपाने थेट कानात दिले तर पुढे उपचारासाठी ते अधिक उपयोगी ठरणार नाही का?

उत्तर १ कडून पुन्हा

ठरू शकेल, पण छेदातून उतरलेला थेंब मध्यकर्णातील गोल गवाक्षाच्या पातळ पटलावर पोचतो आणि त्यातून आंतरकर्णात झिरपू शकतो. मायरिंगोस्क्लेरोसिस पडद्यापुरता मर्यादित असेल तर श्रवणशक्ती फारशी घटत नाही. अशा विकारासाठी आंतरकर्णाला इजा होण्याचा धोका पत्करणे योग्य नाही. म्हणून थेंबांचा गट ठेवायचा असेल, तर द्रावकाचे थेंब मिळणारा गटही ठेवा, आणि छेदापूर्वी व छेद भरल्यानंतर श्रवणमार्गाच्या मेंदूस्तंभ प्रतिसादाची (आवाजाला मेंदूस्तंभापर्यंत मिळणाऱ्या विद्युत प्रतिसादाची) चाचणी दोन्ही गटांत करा. उंच वारंवारतांवर विशेष लक्ष ठेवा, कारण गोल गवाक्षाजवळचा कॉक्लियाचा (आंतरकर्णातील शंखाकृती श्रवणेंद्रियाचा) भाग त्याच वारंवारता टिपतो.