मदत हवी आहे: तंबोऱ्यातल्या प्रीअँपला चार्जिंगचं सॉकेट कोणतं लावू?

तारवाला_मिरज
नमस्कार मंडळी. तंबोऱ्यात बसणारा पिकअप (तारेचं कंपन पकडणारा) आणि छोटा प्रीअँप (तो सिग्नल वाढवणारा) मी बनवतो. आता तो रिचार्जेबल केलाय. सॉकेट कोणतं लावू? टाइप सी, मायक्रो यूएसबी, की गोल डीसी पिन? चुंबकाने चिकटणारंही बघितलंय. टाइप सी लावून एक नमुना एका गायिकेला दिला होता. माझ्याकडे चार्ज होतो, त्यांच्याकडे होत नाही, म्हणून त्याची खात्री वाटेना. वाद्य परवा पॉलिशला जाणार, त्याआधी भोक पाडायचंय. भोपळ्याला एकदा भोक पाडलं की पाडलं. लवकर सांगा.

सोल्डर_सांगली
सेल कुठला, किती एमएएचचा? चार्जिंगची आयसी कोणती? त्यांची केबल दोन्ही टोकांना टाइप सी होती का? वाजवता वाजवता चार्ज करायचंय का? एवढं सांगा, मग बोलू.

षड्ज_पंचम
मुळात तंबोऱ्यात बॅटरी कशाला? जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारा झंकार, नीट लागलेली असेल तर एक चांगला माइक पुरतो. पिकअपमधून नुसती तार ऐकू येते, भोपळ्यात घुमणारा आवाज येत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते या हाताच्या कामाला. त्यात वायरी घालू नका, कळकळीने सांगतो.

तारवाला_मिरज
@षड्ज_पंचम आपलं म्हणणं कळतं, पण उघड्या मंडपात माइक वाढवला की शिट्टी मारतो आणि गाणाऱ्यांना तंबोराच ऐकू येत नाही. गिऱ्हाईकच मागतंय.
@सोल्डर_सांगली पाउच सेल, ३.७ व्होल्ट, ४०० एमएएच. टीपी४०५६ या चार्जिंगच्या आयसीचं तयार निळं मॉड्यूल. केबल त्यांच्या मोबाइलची होती. सॉकेटचं सांगा ना.

कृष्णाकाठ_रेडिओ
डोळे झाकून गोल डीसी पिन लावा. साडेपाच मिलिमीटरची, आत २.१ची. नटाने आवळली की लाकडात हलत नाही. रेडिओ, इमर्जन्सी दिवे यांत आयुष्य गेलंय माझं. यूएसबीची सॉकेटं बोर्डावरून पट्ट्यांसकट उखडून येतात, रोज बघतो.

मंडप_साउंड
काका, मजबुतीचं बरोबर, पण इथं ती लावू नका. स्टेजवर गिटारच्या पेडलचे ९ व्होल्टचे अडॅप्टर पडलेले असतात, त्यांचीही पिन हीच, आणि वर आतला ध्रुव निगेटिव्ह. घाईत कुणीतरी घालणारच. टीपी४०५६ ८ व्होल्टच्या पुढे सोसत नाही. उलट ध्रुव गेला तर विचारायलाच नको.

कृष्णाकाठ_रेडिओ
मग एक डायोड टाका की उलट्या ध्रुवासाठी.

मंडप_साउंड
आणि ९ व्होल्टचं काय करणार? मोबाइलची केबल सगळ्यांच्या पिशवीत असते, तीच चालू दे.

सोल्डर_सांगली
आता कळलं. दोष टाइप सीचा नाही, सॉकेटमागे रेझिस्टर नाहीत त्याचा आहे. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जर आधी समोर कोणी आहे का ते तपासतो, मगच ५ व्होल्ट सोडतो. ते त्याला कळायला सॉकेटच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांपासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा एकेक वेगळा रेझिस्टर लागतो. दोन्हींना मिळून एकच लावायचा नाही. २०१९च्या रास्पबेरी पाय ४मध्ये तसंच केलं होतं आणि काही केबलींवर तो चालूच होईना. तुमच्याकडे जुन्या चौकोनी टोकाची केबल असणार. तिच्यात जोडणी आतच केलेली असते, म्हणून तुमच्याकडे चार्ज होतं.

दुसरं, जे तुम्ही विचारलं नाही. ते मॉड्यूल १ अँपिअरने चार्ज करतं. ४०० एमएएचच्या पाउचला ते फार झालं, सेल फुगेल. मॉड्यूलवर १२२ लिहिलेला बारका रेझिस्टर आहे, तो १.२ किलोओहमचा. तो काढून ४.७ किलोओहमचा लावा, अडीचशे मिलिअँपिअरच्या आसपास येईल.

साता_समुद्रापार
आम्ही वाद्यं बाहेर पाठवतो. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप सी सक्तीचं आहे. दुसरं काही लावलंत तर माल अडकेल.

सोल्डर_सांगली
तसं नाही. त्या नियमात ठरावीक वस्तूंची यादी आहे: मोबाइल, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर वगैरे. तंबोऱ्याचा प्रीअँप त्यात नाही. विमानाने पाठवताना लिथियम सेलचे कागद मागतात, ती काळजी आधी करा.

साता_समुद्रापार
यादीत नसेल, पण तिकडच्या घरात आता दुसरी केबलच सापडत नाही. शेवटी गोष्ट तीच.

तारवाला_मिरज
बरं, टाइप सी धरतो. चुंबकाचं कुणीच बोललं नाही. आणि भोक कुठं?

तून_आणि_भोपळा
चुंबक नको. तारा बदलताना कापलेल्या पोलादी तारेचे तुकडे पडतात, ते जाऊन चिकटतात आणि पिना शॉर्ट होतात.
भोक तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, तर अजिबात नको, आवाज तिथूनच येतो. खाली तारा अडकवतात तिथंही नको, तिथं ताण असतो आणि तो भाग जमिनीला लागतो. भोपळ्याच्या मागच्या कडेला, पण नुसत्या सालीत नाही. आतून तुनीच्या लाकडाची चकती सरसाने चिकटवा, दोन दिवस वाळू द्या, मग बारीक ड्रिलने सुरुवात करा. नट असलेलं पॅनलचं सॉकेट मिळतं, ते घ्या. केबल ओढली तर जोर चकतीवर येईल, बोर्डावर येणार नाही. पंढरपूरकडचा जाड सालीचा भोपळा आहे की पातळ?

षड्ज_पंचम
जाड सालीचाच असेल तर आवाज मुळातच दबका. हल्ली जुने पिकलेले भोपळे मिळतात कुठं?

तून_आणि_भोपळा
मिळतात, थांबायची तयारी हवी. गिऱ्हाइकाला घाई असते.

सोल्डर_सांगली
भोपळ्यावर वेगळा धागा काढा हो. @तारवाला_मिरज पॅनलचं सॉकेट दोन वायरींचं आलं तर आत रेझिस्टर आहेत का ते विचारून घ्या. सी टू सी केबल लावून मीटरने मोजा. ५ व्होल्ट आले तरच भोक पाडा. केबल पालथी करूनही मोजा. आणि वाजवताना चार्जिंगचं अजून सांगितलं नाहीत.

तारवाला_मिरज
चकती आज चिकटवली, पॉलिशवाल्याला दोन दिवस थांबवलंय. दोन ५.१चे लावून मोजलं. सरळ ५.०६, पालथी करूनही तेवढेच. ४.७चा उद्या सांगलीतून आणतो. वाजवताना चार्जिंग लोक करणारच, सांगून ऐकणार नाहीत.

मंडप_साउंड
मग चार्जरची घरघर थेट माझ्या मिक्सरवर येणार. यूएसबीचे ५ व्होल्ट आले की प्रीअँपचं आउटपुट बंद होईल असं काहीतरी करा. मैफलीच्या मधोमध आवाज गेला तरी चालेल, केबल कुणी काढायची ते त्यांना लगेच कळेल.

षड्ज_पंचम
मैफलीच्या मधोमध तंबोरा बंद? हे मला मान्य नाही.