आउटबोर्ड इंजिनाच्या एम6 बोल्टचे आटे गेलेत: हेलीकॉइल, बुश की सरळ एम8?

बॅकवॉटरवाला:
मंडळी, सल्ला हवाय. आमची फायबरची छोटी होडी उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या बाजूला असते. तिला 15 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे. सेकंडहँड, आधी कोकणात खाऱ्या पाण्यात चाललेलं. इंजिन तापायला लागलं म्हणून कोथरूडला घरी आणलं आणि थर्मोस्टॅटचं (इंजिन गरम झालं की पाण्याला वाट देणारी झडप) कव्हर खोलायला घेतलं. दोन बोल्ट नीट सुटले. तिसरा बाहेर आला तो आट्यांत पांढरी भुकटी आणि अ‍ॅल्युमिनियमचं बारीक वेटोळं घेऊनच. चौथा जागच्या जागी गोल फिरतोय, वर यायचं नाव नाही. बोल्ट एम6 (म्हणजे 6 मिमी व्यासाचे), भोक आरपार नाही, काडी घालून मोजलं तर साधारण 14 मिमी खोल.
जवळचा गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, एम8 मारून टाकू, दहा मिनिटांचं काम." मन धजत नाहीये. हेलीकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची स्प्रिंग) घरी बसवता येईल का? पुण्यात किट कुठे मिळेल? की कुणाकडून करून घेऊ?

स्पॅनर_सदाशिव:
एम8 अजिबात नको. लोकांना वाटतं हेलीकॉइलला भोक फार मोठं करावं लागतं. हिशोब करा. एम6 च्या हेलीकॉइलसाठी 6.3 मिमीचं ड्रिल, आणि त्याच्या टॅपचे (भोकात आटे पाडायचं हत्यार) आटे बाहेरून साधारण 7.3 मिमीपर्यंत जातात. एम8 ला 6.8 चं ड्रिल आणि आटे पूर्ण 8 मिमीपर्यंत. म्हणजे एम8 मध्येच जास्त धातू जातो, वर कव्हरचं भोक मोठं करा, गॅस्केट कापा, ही कटकट वेगळी. त्या बोल्टभोवतीची भिंत आधीच बारीक असते, एक दिवस तडकली की बसा.
शिवाय कॉइल बसवल्यावर अ‍ॅल्युमिनियममधले आटे मोठ्या व्यासाचे होतात, त्यामुळे मूळपेक्षा जास्त ताण घेतात. बोल्ट तोच, पाना तोच.

जुगाडू_पुणेकर:
एवढं कशाला? एपॉक्सी भरा, बोल्टला ग्रीस लावून त्यात बुडवा, वाळला की फिरवून काढा. आटे तयार! माझ्या मिक्सरच्या झाकणाला असंच केलंय.

स्पॅनर_सदाशिव:
मिक्सरच्या झाकणामागे उकळतं पाणी आणि थरथर नसते हो.

लेथवाले_भोसरी:
चौथ्या बोल्टचं आधी बघा. नुसता फिरतोय म्हणजे खालचे आटे गेलेत, पण वरचा एखादा आटा अजून अडवतोय. बोल्टच्या डोक्याखाली पातळ चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलका वर रेटा आणि त्याच वेळी पाना उलटा फिरवा. जोर नको, कव्हरच्या कडेला ओरखडा पडला तर तिथून पाणी गळेल. हलला नाही तर रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल, मग हीट गनने बोल्टच्या आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम तापवा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, पकड सुटते.
आता मुख्य गोष्ट. हेलीकॉइलमध्ये सगळं काम ड्रिल सरळ जाण्यात आहे. तुमचा पॉवरहेड (इंजिनाचा वरचा मुख्य भाग) काढून ड्रिल प्रेसवर नेणार नसाल तर एखाद्या लेथवाल्याकडून जाडसर एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) तुकड्यात 6.3 चं सरळ भोक पाडून घ्या. तो तुकडा कव्हर बसतं त्या सपाटीवर क्लॅम्प करायचा आणि त्यातून ड्रिल घालायचं. खोलीसाठी ड्रिलला टेप गुंडाळा. भोकाचा तळ फुटून ड्रिल पाण्याच्या जॅकेटमध्ये (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या पोकळीत) गेलं तर दुखणं वाढेल.
ड्रिल आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, चुरा त्यालाच चिकटतो. थर्मोस्टॅट काढल्यावर जो पाण्याचा रस्ता उघडा पडतो त्यात ग्रीस लावलेलं फडकं कोंबा. टॅप किटमधलाच हवा, साधा एम6 चालत नाही. रॉकेलचे थेंब टाकत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कॉइल 9 मिमी लांबीची घ्या, म्हणजे व्यासाच्या दीडपट. पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा आत बसली पाहिजे. खालची शेपटी टोच्याने ठोकून तोडा आणि तो तुकडा चिमट्याने बाहेर काढा. भोक बंद आहे, तिथे राहिला तर बोल्ट त्यावर टेकेल आणि तुम्हाला वाटेल घट्ट झाला.

बॅकवॉटरवाला:
लेथवाले काका, एमएसच्या तुकड्याची युक्ती भारी आहे. मी हँड ड्रिल घेऊनच बसणार होतो. बुशचं, म्हणजे आतबाहेर आटे असलेल्या धातूच्या नळीचं, काय? आणि आर्गॉन वेल्डिंग करून नवीन आटे पाडता येतील असंही एकाने सुचवलं.

लेथवाले_भोसरी:
बुश मजबूत, पण त्याला बाहेरचं भोक कॉइलपेक्षा मोठं लागतं, तुमच्या भिंतीत बसेल की नाही ते मोजूनच ठरवा. पुन्हापुन्हा खोलायच्या जागी, म्हणजे स्पार्क प्लगला, बुशच घालतो आम्ही. आर्गॉन शेवटचा उपाय. समुद्राचं मीठ मुरलेल्या कास्टिंगमध्ये वेल्ड धरत नाही, बुडबुडे येतात, वर उष्णतेने गॅस्केटची सपाटी वाकते.

नाना_पेठ_रायडर:
किट बोहरी आळीत मिळेल. चारचाकी घेऊन जाऊ नका, रविवार पेठेत ती लावायला जागा शोधतानाच दुकान बंद होईल. स्वतः करायचं नसेल तर नाना पेठेतल्या बाइकच्या हेडचं काम करणाऱ्याकडे न्या. त्यांच्या हाताखालून असले एम6 रोज जातात, बोटीचं इंजिन बघून घाबरू नका म्हणावं फक्त. जुन्या बाजारातले टॅप मात्र घेऊ नका, धार गेलेला टॅप आत तुटला तर काढायला खर्च इंजिनाएवढा.
आणि पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून खात्री करा. काही अमेरिकन आउटबोर्डना इंची आटे असतात. पाव इंची बोल्ट डोळ्याला एम6 सारखाच दिसतो.

खारं_वारं:
मी मूळचा मालवणचा, आता वाकडला. तुमची पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. स्टेनलेस बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि मध्ये खारं पाणी, की बॅटरीच झाली, त्यात झिजतं अ‍ॅल्युमिनियम. गोड्या पाण्यात आणलं तरी आत बसलेलं मीठ काम करत राहतं. म्हणून दोनच नको, चारही भोकांचे आटे नीट तपासा, ढिले वाटले तर चारही ठिकाणी कॉइल घाला. बोल्ट लावताना वॉटरप्रूफ मरीन ग्रीस भरपूर. तांब्याचं अँटी-सीझ (बोल्ट अडकू नये म्हणून लावायचा लेप) इथे नको, तांब्यामुळे अ‍ॅल्युमिनियम आणखी खातं. कॉइलच्या वेटोळ्यांतून पाणी झिरपू शकतं, बाहेरच्या बाजूला थोडं सीलंट लावा. एम6 ला साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरतात, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम.
आणि थर्मोस्टॅट हातात आहेच तर पातेल्यात पाणी तापवून बघा, 50-60 डिग्रीच्या आसपास उघडला पाहिजे. मिठाने चिकटला असेल तर इंजिन तापायचं कारण तेच.

बॅकवॉटरवाला:
थर्मोस्टॅट पातेल्यात उकळी आली तरी मिटलेलाच! नवीन मागवतोय. पिच गेज लावला, 1 मिमी, म्हणजे एम6 च. शनिवारी बोहरी आळी, बसने.

खारं_वारं:
जोडून झालं की भिगवणला न्यायच्या आधी पाण्याच्या ड्रममध्ये चालवून बघा. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार जोरात पडतेय ना आणि कव्हरची कड कोरडी राहतेय ना, एवढं बघायचं. गरम झाल्यावरही.