लपवायला काही नाही, तरी दाखवायचं कशाला?

‘लपवण्यासारखं काही नसेल तर पोलिसांना फोन दाखवायला काय हरकत?’ हा अनेकदा ऐकू येणारा मुद्दा मला पटत नाही. एकदा नाक्यावर माझा फोन असाच मागून घेतला होता. हवालदाराचा अंगठा गॅलरीवरून सरसर फिरत होता. आईचे रिपोर्ट, मित्राने हक्काने पाठवलेले रडके मेसेज, सगळं त्याच्या नजरेखालून गेलं. त्या मित्राची परवानगी कोणी घेतली? आणि मी ‘हो’ म्हटलं ते मनापासून थोडंच! गणवेशातला माणूस हात पुढे करतो तेव्हा ‘नाही’ म्हणायला छाती लागते.

निदान ही झडती डोळ्यांसमोर तरी होते. खरी गोम न दिसणाऱ्या झडतीत आहे. अमेरिकेतल्या कारपेंटर खटल्यात पोलिसांनी वॉरंटशिवाय मोबाइल कंपनीकडून एका माणसाच्या १२७ दिवसांच्या ठावठिकाण्याच्या नोंदी मिळवल्या होत्या. तब्बल १२,८९८! त्याला पत्ताही नव्हता. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही झडतीच आहे, सहसा वॉरंट हवंच, असं सांगितलं. तेही ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने.

आपल्याकडेही २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. कागदावर छानच आहे. पण नाक्यावर फोन मागितला जातो तेव्हा निकालाची प्रत कोणाच्या खिशात असते?