मदत हवी आहे: जुन्या इगो मार्करमधून हवा गळते, दुरुस्त करू की पुढच्या पिढीचा घेऊ?

कृष्णाकाठ

मंडळी, नमस्कार.

विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे यंत्रांची जाण असलेले आणि बाहेरदेशी राहणारे पुष्कळजण आहेत, म्हणून इथेच विचारतो. मी मूळचा सांगलीचा, चार वर्षं झाली लीड्सला आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर रविवारी पेंटबॉल, म्हणजे हवेच्या बंदुकीने एकमेकांवर रंगाचे गोळे मारायचा खेळ, खेळतो. या खेळातल्या बंदुकीला मार्कर म्हणतात, कारण मुळात ते अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायचं साधन होतं. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरच्या रानात बाराजणांनी त्याच साधनाने पहिला खेळ मांडला.

आजवर मी मैदानावरचे भाड्याचे मार्कर वापरले. गेल्या महिन्यात संघातल्या एकाने गॅरेज आवरताना त्याचा प्लॅनेट इक्लिप्स कंपनीचा इगो ०७ मार्कर मला अगदी थोडक्यात दिला. सहा-सात वर्षं डब्यात पडून आहे, सर्व्हिसिंग लागेल, हे त्याने आधीच सांगितलं होतं. घरी आणल्या आणल्या मी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो खोलला, आतली जुनी घाण कापसाच्या कानकाड्यांनी पुसली, सायकलचं ग्रीस लावलं आणि परत जोडला. आता दोन दुखणी आहेत.

एक म्हणजे हवेची टाकी जोडली की मार्करच्या नळीच्या तोंडातून बारीक "स्स्स" असा आवाज येत राहतो. २०० बारची भरलेली टाकी न खेळताच तासाभरात उतरते.

दुसरं, पाच-दहा मिनिटं थांबून मारलेला पहिला गोळा लंगडा जातो. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, पहिला २३५ फूट प्रति सेकंद, दुसरा २७०, आणि तिसऱ्यापासून २८५ ला स्थिर. पुन्हा थोडं थांबलं की पुन्हा तेच. आमच्या मैदानाची मर्यादा ३०० आहे, त्यामुळे २८५ मला हवाच आहे, पण पहिल्या गोळ्यापासून.

संघातले म्हणतात, हा सोड, वापरलेला जिओ, इथा २ किंवा सीएस१ घे. या कंपनीच्या इतक्या पिढ्या येऊन गेल्या, त्यात नक्की काय बदललं हे कुणी मला मराठीत समजावून सांगेल का? मैदानावर सगळे भराभर बोलतात आणि निम्मं डोक्यावरून जातं. तीन आठवड्यांनी आमचा सामना आहे. खरं सांगायचं तर हा मार्कर मला मनापासून आवडलाय. सोडवत नाही.

अबोली

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण माझा पंधरा वर्षांचा मुलगा इथे न्यू जर्सीत खेळतो, म्हणून धागा उघडला. त्यालाही नवा मार्कर हवाय. म्हणतो, "आई, नवे मार्कर सॉफ्ट मारतात." म्हणजे लागलं तर कमी लागतं का? दर शनिवारी दंडावर, पाठीवर निळे डाग घेऊन येतो. पाहून पोटात कालवतं.

जुना_खेळाडू

अबोलीताई, तुमचं आधी. नाही, कमी लागत नाही. मऊपणा मारणाऱ्याच्या हाताला जाणवतो, ज्याला लागतो त्याला नाही. साधारण ३ ग्रॅमचा गोळा २८५ च्या वेगाने आला की तो १९९८ च्या मार्करमधून सुटला की कालच्या, लागायचं तेवढंच लागतं. मार कमी करायचा असेल तर मैदानावर वेगमर्यादा खाली आणायला सांगा आणि मुलाला आतून जाड कापडाचा शर्ट घालायला लावा. आणि मुखवटा. मैदानात असेपर्यंत तो चेहऱ्यावरून निघता कामा नये, काच धुक्याने भरली तरी नाही. यावर कुठलीच तडजोड नको.

कृष्णाकाठ, आता तुमच्याकडे येतो. मी पंचवीसेक वर्षं खेळतोय, मँचेस्टरच्या आसपासच राहतो आणि ही कंपनीही मँचेस्टरचीच, त्यामुळे तिची बहुतेक मॉडेलं हाताखालून गेली आहेत. थोडं सविस्तर लिहितो.

विजेवर चालणारे न्यूमॅटिक (हवेच्या दाबाचे) मार्कर बाजारात आले १९९६ च्या सुमारास. आधी अमेरिकेतला शॉकर, मागोमाग इंग्लंडमधला एंजल. त्याआधी सगळं यांत्रिक होतं. ऑटोकॉकर नावाचा मार्कर तर डोळ्यांपुढे पुढे-मागे हलायचा. प्लॅनेट इक्लिप्सने आधी त्याच ऑटोकॉकरसाठी ई-ब्लेड नावाचा इलेक्ट्रॉनिक संच काढला आणि पुढे स्वतःचा इगो आणला. मॉडेलचा आकडा म्हणजे वर्ष. इगो ०५, ०६, ०७ असं करत ११ पर्यंत.

तुमच्या इगोच्या पोटात दोन नळकांडी आहेत, एकावर एक. खालच्यात रॅमर, म्हणजे छोटा हातोडा. वरच्यात बोल्ट. दोघे एका खिळीने जोडलेले. ट्रिगर दाबला की बोर्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) सोलेनॉइडला, म्हणजे विजेने उघडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हला, काही मिलिसेकंद वीज देतो आणि सोलेनॉइड कमी दाबाची हवा रॅमरच्या मागे सोडतो. रॅमर पुढे धावतो, त्याच्याबरोबर वरचा बोल्ट गोळ्याला नळीत सरकवतो, आणि शेवटी रॅमर व्हॉल्व्हच्या दांड्यावर आदळतो. व्हॉल्व्ह निमिषभर उघडतो, जास्त दाबाची हवा बोल्टमधून गोळ्याच्या मागे जाते. म्हणून याला हवेचा दाब ठरवणारे दोन रेग्युलेटर लागतात. मुठीपुढचा उभा रेग्युलेटर गोळ्याचा वेग ठरवतो आणि तोंडाजवळचा छोटा रॅमरला ढकलायची हवा देतो.

०५ पासून ११ पर्यंत हे मूळ बदललं नाही. दरवर्षी धातू कोरून अंग हलकं केलं, बोल्ट सुधारले, बोर्ड सुधारले. ईटेक आला तोही आतून इगोच, फक्त बाहेरचं कोरीवकाम कमी आणि किंमत कमी. त्यामुळे "०७ जुना झाला, ०९ घे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

खरा फाटा फुटला तो जिओपाशी. जिओ स्पूलवर चालतो. त्यात हातोडाच नाही. बोल्ट स्वतःच व्हॉल्व्ह आहे. तो पुढे सरकत ठरावीक जागी पोचला की त्याच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) वाट मोकळी करतात आणि साठवलेली हवा गोळ्याच्या मागे सुटते. आदळआपट नाही म्हणून हाताला झटका कमी, आवाजही कमी. पहिल्या जिओला हवा मात्र इगोपेक्षा जास्त लागायची. दुपारपर्यंत पुरणारी टाकी मी अकरा वाजताच भरायला नेल्याचं मला आठवतं.

हे सगळे मऊपणाच्या मागे का लागले, ते सांगतो, कारण माझ्या मते पिढ्यांमधला खरा बदल तोच आहे. २००० नंतरची काही वर्षं सगळ्यांना वेड होतं सेकंदाला किती गोळे सुटतात याचं. गोळे नुसते वरून घरंगळत येऊन पुरेनात, म्हणून मोटरने ढकलणारे लोडर, म्हणजे वर बसवायचे गोळ्यांचे डबे, आले. अर्धवट आत आलेला गोळा बोल्टखाली चिरडू नये म्हणून नळीच्या मुळाशी दोन बाजूंना इन्फ्रारेड डोळे बसले. मग स्पर्धांनी मर्यादा घातली, आधी सेकंदाला १५ आणि पुढे कमी करत दहाच्या आसपास. तेवढं तर कुठलाही बरा मार्कर करतोच. शर्यतच संपली. मग कंपन्या वळल्या ते गोळा न फोडण्याकडे, हवा वाचवण्याकडे आणि मार्कर खोलणं सोपं करण्याकडे.

गोळ्याचं कवच जिलेटिनचं असतं, व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूलसारखं. पहिले गोळे कॅप्सूल बनवणाऱ्या आर. पी. शेरर कंपनीनेच बनवले होते. आपल्या इथल्या जानेवारीत ते कवच ठिसूळ होतं आणि बोल्ट जोरात आदळला की नळीतच फुटतं. अशा वेळी मऊ बोल्टची किंमत कळते. लेन्स पुसू की नळी पुसू असं झालेलं असतं.

इगोची घराणेशाही पुढे एलव्ही१ मध्ये चालू राहिली. हातोडा तोच, पण इतका मवाळ केला की स्पूलवाले सुद्धा चकित झाले. जिओची वाट २०१५ च्या सीएस१ कडे गेली. त्यात बाहेरची हवेची नळी गेली, हवा मुठीतूनच वर जाते, आणि चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीऐवजी साध्या दोन एए बॅटऱ्या आल्या. इथा २ मध्ये गॅमा कोअर नावाचा साधा, टिकाऊ स्पूल आहे. तोच कोअर २०१७ च्या ईमेकमध्ये आहे आणि ईमेकला बॅटरीच लागत नाही. वीस वर्षं विजेच्या मागे धावून त्याच घरातून पुन्हा यांत्रिक मार्कर निघाला आणि मैदानांनी तो उचलून धरला, ही मला या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

माझा सल्ला: दुरुस्त करा. पूर्ण सील संच मागवा. नवीन घ्यायचाच असेल तर इथा २. सीएस१ उत्तम आहे, पण तुमचं काम आज त्यावाचून अडलेलं नाही.

धोटा

मी पेंटबॉल कधी बघितला नाही. इचलकरंजीत एअरजेट मागांवर फिटर आहे, एकतीस वर्षं झाली. वरच्यांनी आतली रचना लिहिली ती वाचून राहवलं नाही. आमच्याकडं धागा हवेनंच पळतो. प्रत्येक मागावर सोलेनॉइड व्हॉल्व्हांची रांग असते आणि त्यांची दुखणी हीच.

तोंडातून सतत हवा येते म्हणजे मोठा व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. सील खाल्लं असेल, नाहीतर मधे काहीतरी अडकलं असेल. तुम्ही लिहिलंय कापसाच्या काडीनं पुसलं. हे वाचल्यावर मी तिथंच थांबलो. व्हॉल्व्हच्या बैठकीवर कापसाचा एक तंतू पुरेसा आहे. आमच्या शेडमधे तर हवेतच कापूस उडतो, आम्ही बैठक पुसायला तंतू न सोडणारं कापडच घेतो.

पहिला गोळा लंगडा, हे त्या रॅमरच्या ओ-रिंगचं काम दिसतंय. सायकलचं ग्रीस घट्ट असतं. रिंग थांबली की भिंतीला चिकटती, पहिल्या धक्क्यातला जोर ती सुटण्यातच जातो. बोर्ड तर मोजून तेवढेच मिलिसेकंद देणार. मग हातोडा मारणार कशानं? दुसऱ्या-तिसऱ्याला रिंग मोकळी झालेली असती म्हणून आकडा वर येतो. तिथं दाब वाढवत बसू नका, रोग तसाच राहील. सगळं ग्रीस काढा, रिंग बदला, पातळ सिंथेटिक ग्रीस बोटावर घेऊन नुसती चमक येईल एवढंच लावा.

आणि खोलायच्या आधी टाकी काढून आतली हवा पूर्ण सोडा. आमच्याकडं साठलेल्या हवेनं एकाच्या अंगठ्याचं नख उडालेलं मी बघितलंय, आणि ती हवा ६ बारची होती. तुमची टाकी २०० ची.

जुना_खेळाडू

धोटा काका, शंभर टक्के. पंचवीस वर्षं खेळूनही कापसाचं मला सुचलं नाही. कृष्णाकाठ, इगोचा व्हॉल्व्ह पुढच्या बाजूने निघतो. छोटा रेग्युलेटर आणि त्याचा माउंट काढला की आधी स्प्रिंग आणि मग व्हॉल्व्ह हातात येतो. स्प्रिंग टेबलाखाली उडू देऊ नका. सील उजेडात फिरवून बघा, कड एकसारखी दिसली पाहिजे.

अबोली

जाड शर्ट आणला. या शनिवारी एकच डाग होता. धन्यवाद, दादा.

कृष्णाकाठ

मंडळी, आज मैदानावरून आलोय आणि आधी इथे लिहायला बसलोय.

काल संध्याकाळी टाकी काढली, हवा सोडली, पुढचा भाग खोलला. व्हॉल्व्ह खिडकीपाशी नेऊन फिरवला. सील अगदी चांगलं होतं. मग मोबाइलचा टॉर्च लावून आतली बैठक पाहिली, तर कडेवर आडवा एक पांढरा तंतू. अर्ध्या सेंटिमीटरचाही नसेल. चिमट्याने उचलला आणि काळ्या कागदावर ठेवून बायकोला दाखवला. एवढ्याशा कापसाने २०० बारची टाकी रिकामी होत होती! काका, न बघता, सात हजार किलोमीटरवरून तुम्ही सांगितलंत. माझे आजोबा इचलकरंजीत कांडी भरायचे. ते आज असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

रॅमरची ओ-रिंग एका बाजूने चपटी झाली होती. सायकलचं ग्रीस तपकिरी मेणासारखं साचलेलं, ते सगळं काढलं आणि सील संचातली नवी रिंग बसवली. ग्रीस अगदी चमकेपुरतं. दाबाला हात लावला नाही.

आज क्रोनोग्राफवर दहा मिनिटं थांबून पहिला गोळा २७८, मग २८३, २८५, २८४. टाकी जोडून नळीच्या तोंडाशी कान नेला नाही, हाताचा पंजा धरला. काही नाही. पूर्ण शांत. दुपारपर्यंत एकदाच टाकी भरली.

नवा मार्कर घेत नाही. सील संचातल्या उरलेल्या रिंगा छोट्या डबीत, प्रत्येक पुडीवर कुठली कुठे ते मराठीत लिहून ठेवल्या आहेत. जुना_खेळाडू, पुढचा सामना रॉचडेलच्या बाजूला आहे. तुम्ही जवळपास असाल तर नक्की या. हा ०७ तुमच्या हातात देऊन बघायचाय.