शब्दचर्चा : कमांडचं ‘पार्सिंग’ मराठीत कसं सांगावं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरच्या एका क्लासमध्ये मी प्रोग्रामिंग शिकवते. मुलं बहुतेक निफाड-दिंडोरीकडची, मराठी माध्यमातली. त्यांच्यासाठी टिपणं लिहिताना अडले आहे. ‘पार्सिंग’ला कुणी पदच्छेद सुचवतं, कुणी विश्लेषण. शब्दकोशात ‘ऑप्शन’ला पर्याय आणि ‘आर्ग्युमेंट’ला युक्तिवाद सापडतो, पण कमांड शिकवताना हे शब्द बसत नाहीत. सरावाला बाजारभाव दाखवणारा छोटा प्रोग्राम घेतलाय. त्याची कमांड अशी:

भाव --बाजार लासलगाव --नवे-आधी कांदा

शेवटचा ‘कांदा’ म्हणजे फाइलचं नाव. एकेका तुकड्याला काय म्हणू?

उत्तर

ताई, पदच्छेद चुकीचा नाही, पण ते काम तुमचा प्रोग्राम करत नाही, शेल (टाइप केलेली कमांड वाचून प्रोग्राम सुरू करून देणारा प्रोग्राम) करतं. मोकळी जागा दिसली की तोडायचं, एवढंच त्याला कळतं. लासलगावऐवजी पिंपळगाव बसवंत लिहून बघा. अवतरणात टाकलं नाही, तर शेल त्याचे दोन तुकडे करतं. ‘पिंपळगाव’ बाजार ठरतो आणि प्रोग्राम ‘बसवंत’ नावाची फाइल शोधत बसतो. मुलांना हे मुद्दाम करून दाखवा, अवतरणचिन्हं कशासाठी ते पुन्हा सांगावं लागणार नाही.

तुकडे हातात आल्यावर कोणता कोण हे ओळखणं, ते खरं पार्सिंग. त्याला आपल्या शाळेतच शब्द आहे: व्याकरण चालवणे. भारदस्त हवा असेल तर पदपरिस्फोट. ‘पार्स’ हाही मूळचा लॅटिन व्याकरणाच्या वर्गातलाच शब्द, त्यामुळे हे ओढूनताणून जुळवलेलं नाही.

‘पर्याय’ मला खटकतो. पर्याय म्हटलं की याऐवजी ते, असं मनात येतं. इथे तसं काही नाही. --नवे-आधी दिलं तर क्रम बदलतो, नाही दिलं तरी कमांड शुद्धच. व्याकरणात ‘हे रूप विकल्पाने होते’ म्हणतात, नेमका तोच अर्थ. म्हणून विकल्प. आर्ग्युमेंटला, म्हणजे ‘कांदा’सारख्या कमांडला पुरवलेल्या शब्दाला, मी तरी आर्ग्युमेंटच म्हणेन. युक्तिवाद म्हणजे निव्वळ अनर्थ.

प्रश्न

विकल्प पटलं. पण ‘लासलगाव’ आणि ‘कांदा’ दोन्ही नुसते शब्द. पहिला विकल्पाचा आणि दुसरा स्वतंत्र, हे प्रोग्रामला कसं कळतं? मुलं हेच विचारतात.

उत्तर

रूपावरून कळतच नाही! आधी सांगून ठेवावं लागतं. क्रियापद सकर्मक की अकर्मक, हे शब्द माहीत असल्याशिवाय ओळखता येत नाही, तसंच हे. --बाजार सकर्मक, त्याला पुढे काहीतरी हवं. --नवे-आधी अकर्मक. सी भाषेतल्या गेटऑप्टला (कमांडमधले विकल्प ओळखणारं तयार फंक्शन) एका अक्षरी विकल्पांची यादी देतात. ज्या अक्षरापुढे अपूर्णविराम, ते सकर्मक. लांब नावांसाठी गेटऑप्ट-लाँगच्या तक्त्यात हीच माहिती वेगळ्या रकान्यात भरायची.

आता बाजाराचं नाव राहून गेलं असं समजा: भाव --बाजार --नवे-आधी कांदा. गेटऑप्ट-लाँग बेधडक ‘--नवे-आधी’ हेच बाजाराचं नाव धरतं आणि तक्रारही करत नाही. पायथन भाषेतलं याच कामाचं आर्गपार्स इथे थांबून चूक दाखवतं. सुरुवातीच्या मुलांसाठी मी आर्गपार्सच घेईन.

नुसत्या दोन आडव्या रेघा म्हणजे विकल्पांची ‘इति’. त्यापुढचं सगळं स्वतंत्र आर्ग्युमेंट, भले नाव रेघेनं सुरू होत असो. तशा नावाची फाइल पुसायची वेळ आली की हीच इति कामी येते.

पुरवणी

वरचं सगळं पटतं, फक्त देवनागरी विकल्पांबद्दल सांगतो, कारण उत्साहात कुणीतरी ‘--बाजार’चं ‘-ब’ करणारच. सी मधलं गेटऑप्ट एकेक बाइट वाचतं आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) ‘ब’ तीन बाइटांचा. म्हणजे ‘-ब’ त्याला तीन अनोळखी विकल्पांसारखा दिसतो. लांब नावं चालतात, कारण तिथे सलग बाइट जुळवले जातात. पायथनमध्ये ‘-ब’ही चालतं आणि ‘--बाजार’चं मूल्य ‘बाजार’ याच देवनागरी नावानं वापरता येतं.

आणि ताई, टिपणं वर्डमध्ये करत असाल तर सांभाळा. दोन छोट्या रेघांची ते आपोआप एक लांब रेघ करतं. मुलानं तिथून कमांड उचलून चिकटवली की तो विकल्प उरतच नाही, साधं आर्ग्युमेंट होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि मूल स्वतःचीच चूक शोधत राहतं. कमांडपुरती ती आपोआप-दुरुस्ती बंदच ठेवा.

प्रश्नकर्ती

आभार. मदतीच्या मजकुरात आता असं लिहिते: ‘--बाजार नाव : (विकल्प, सकर्मक) कोणत्या बाजाराचे भाव हवेत. नावात मोकळी जागा असल्यास अवतरणात लिहा.’